लाल पेन, हिरवा पेन

संपादकांनी नोकरीतले गमतीदार अनुभव मागितले होते. ते आहेत. आधी तेच सांगून टाकते.

मी सरकारी रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहे. पद ऐकायला भारी वाटतं, पण मी डॉक्टर नाही. चष्म्याचा नंबर काढणं, डोळ्यातला दाब मोजणं, मोतीबिंदू हुडकून शस्त्रक्रियेच्या यादीत घालणं, शाळांतून पोरांचे डोळे तपासणं ही माझी कामं. माहेर केजचं, नोकरी बीड जिल्ह्यातल्याच तीन तालुक्यांच्या गावी. सत्तावीस वर्षं झाली. लोक मला डोळेवाल्या मॅडम म्हणतात. माझं नाव बहुतेकांना माहीत नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.

एक निवृत्त मास्तर दर सहा महिन्यांनी यायचे आणि तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून दाखवायचे. तरी बाहेर पडताना दाराच्या चौकटीला धडकायचे. मला शंका आली. पुढच्या वेळी मी तक्ता बदलून ठेवला. मास्तरांनी जुन्या तक्त्यावरची अक्षरं त्याच आवाजात म्हणून दाखवली.

"मास्तर, तक्ता बदललाय."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय? दुसऱ्याचा अभ्यास करून आलो असतो."

पाटोद्याकडच्या एका वस्तीवर पाच म्हाताऱ्यांत मिळून एक चष्मा होता. जिला धान्य निवडायचं असेल तिनं तो घालायचा. मी पाचही जणींना वेगवेगळे चष्मे दिले, तर महिन्याभरानं निरोप आला की नवे ट्रंकेत ठेवलेत, लेकीबाळींच्या लग्नात घालायला. एका मेंढपाळ आजोबांना जवळचं दिसत नव्हतं. चष्मा घ्या म्हटलं तर म्हणाले, "लांबचं दिसतंय न्हवं? मेंढरं लांबच आस्तेत. जवळ कोण, तर म्हातारी. ती न दिसल्यालीच बरी." म्हातारी शेजारीच बसली होती. तिनं त्यांच्या पाठीत एक चापट मारली आणि मला म्हणाली, "लिवा मॅडम, दोन्ही डोळ्याचं लिवा."

झाली गंमत. आता ज्यासाठी मी कागद पुढं ओढला ते लिहिते. त्यात मी काम केलेल्या गावाचं आणि संस्थेचं नाव घालत नाही. चूक माझी आहे, गावाची नाही.

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे वेगळीच गर्दी होते. पोलीसभरती, सैन्यभरती, एसटी, रेल्वे, सगळ्यांना तंदुरुस्तीचा दाखला हवा असतो. त्यात वर्षाला दोन-तीन पोरं पायलट व्हायचं म्हणून येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, चष्मा असला तर चालतं का? चालतं. नंबर मर्यादेत असला आणि चष्म्यानं प्रत्येक डोळ्याला तक्त्याची ठरलेली ओळ वाचता आली, तर प्रवासी विमानाच्या परवान्यासाठी अडचण नसते. हवाई दलाचे नियम वेगळे आणि कडक. डोळ्यांशिवाय कान, हृदय, छाती, रक्त, लघवी हे सगळं बघतात. फिट येते का, डोकं ठिकाणावर आहे का, हेही विचारतात. तपासणीच्या दोन पायऱ्या असतात. आधी दुसऱ्या वर्गाची, ती पार पडली की पहिल्या वर्गाची. दोन्ही मान्यता असलेल्या डॉक्टरांकडेच होतात आणि त्यासाठी आमच्या पोरांना पुण्या-मुंबईला जावं लागतं. आमच्या रुग्णालयाच्या कागदाला तिथं काडीची किंमत नाही.

नंबर चष्म्यानं सुधारतो. रक्तदाब गोळीनं आटोक्यात येतो. इलाज नसलेली गोष्ट एकच, रंग. रंगांध माणसाला जग काळंपांढरं दिसतं असा समज आहे, तो खोटा. त्याला लाल, हिरवा आणि तपकिरी यांतला फरक नीट कळत नाही, एवढंच. संसाराला त्यानं काही बिघडत नाही. विमानाला बिघडतं. विमानाच्या एका पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो आणि दुसऱ्याच्या टोकाला हिरवा. अंधारात समोरचं विमान आपल्याकडे येतंय की लांब चाललंय ते त्यावरूनच समजतं. धावपट्टीचे दिवेही रंगांनीच बोलतात.

हे तपासायला एक पुस्तक असतं. पानभर रंगीत ठिपके, आणि त्यांत वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. नीट डोळ्याला आकडा लगेच दिसतो, रंगांधाला नुसते ठिपके दिसतात किंवा भलताच आकडा. आमच्याकडे ते पुस्तक होतं. उजेडानं आणि बोटांच्या घामानं त्याचे रंग उडतात म्हणून ते कापडात गुंडाळून कपाटात ठेवलेलं असायचं. मग रोजच्या दाखल्यांना काय? अधीक्षकांच्या टेबलावरचे दोन पेन. हिरवा सहीचा, लाल शेऱ्याचा. दोन्ही वर धरायचे.

"हा कोणता?"

"लाल."

"हा?"

"हिरवा."

की लिहिलं, रंगदृष्टी सामान्य. मी हे आधीच्या साहेबांकडून शिकले, ते त्यांच्या साहेबांकडून शिकले असणार. यात खोट काय आहे, ते मला शिक्षणातच सांगितलेलं होतं. रंगांध माणसाला वस्तू ओळखता येतात. मिरची लाल आणि पान हिरवं हे त्याला लहानपणापासून पाठ असतं. साहेबांचा सहीचा पेन जाड, शेऱ्याचा बारीक, आणि सही हिरव्या शाईत होते हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तो पेन ओळखतो, रंग नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी पेनच दाखवत होते, कारण बाहेर शंभर माणसं उभी असायची आणि कपाटाची किल्ली पर्समध्ये तळाला असायची.

ते वर्ष दुष्काळाचं. ओपीडीत येणारे अर्धे लोक चारा छावणीतून यायचे, डोळ्यांत धूळ आणि भुसा गेलेले. आमच्या भागातली मोठी छावणी एका सहकारी दूध संस्थेची होती. संस्थेचे अध्यक्ष खटपटी माणूस. दूध आटलं होतं, संकलन केंद्राच्या किटल्या पालथ्या पडल्या होत्या, आणि त्यांना लोकांसमोर न्यायला काहीतरी चांगलं हवं होतं. त्यांनी जाहीर केलं की संस्था डोंगरपट्ट्यातल्या एका हुशार पोराला पायलट करणार. शिक्षणाचा सगळा भार संस्थेचा.

निवडला तो अंगद. लिंबाजी आणि सुभद्रा यांचा थोरला मुलगा. मेंढ्या, चार गायी, थोडी कोरडवाहू जमीन असलेलं धनगर कुटुंब. गायींसाठी ते सगळे छावणीत येऊन राहिले होते आणि अंगदनं बारावीचा अभ्यास तिथंच, ताडपत्रीच्या सावलीत केला होता. धाकटी बहीण शीतल नववीत होती.

छावणीत मी दर मंगळवारी डोळ्यांत औषध घालायला जायचे. तिथं दोन गावांची जनावरं होती. गोंधळ होऊ नये म्हणून एका गावाच्या दावणीला लाल झेंडी आणि दुसऱ्या गावाच्या दावणीला हिरवी झेंडी लावलेली. झेंड्या उन्हानं विटलेल्या. एका मंगळवारी अंगद चाऱ्याच्या गाडीवर होता. लाल झेंडीच्या दावणीला टाकायच्या पेंढ्या त्यानं सगळ्या हिरव्या झेंडीपुढं टाकल्या. त्याचे थोरले चुलते ओरडले, "आरं ए पायलट! इमान बी आसंच दुसऱ्याच्या दावणीला नेऊन बांधतू का बे?"

सगळी छावणी हसली. अंगदही हसला. मी एका म्हातारीची पापणी उलटून धरली होती. मीही हसले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो संस्थेला द्यायच्या दाखल्यासाठी आला. तक्त्याची शेवटची ओळ त्यानं एका दमात वाचली, दोन्ही डोळ्यांनी. असे डोळे वर्षात दोन-चारच बघायला मिळतात. मी दोन पेन वर धरले. लाल, हिरवा. लिहून टाकलं आणि अधीक्षकांनी त्याच हिरव्या पेनानं सही केली.

तो गेला नाही. दारात घुटमळला.

"मॅडम, इचारायचं व्हतं. माजा पशुवैद्यकीयला नंबर लागलाय. शुक्रवारी शेवटची तारीख हाय. पुण्याची तपासणी पुढच्या म्हैन्यात. अध्यक्ष मन्तेत, सोडून दे ते, ढोरांच्या मागं कशाला जायलास. डोळ्याचं आपलं नक्की हाय ना?"

"तुझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? घारीसारखे आहेत."

"मंजी सोडू?"

बाहेर रांग होती. मी म्हणाले, "डोळ्यांनी तुझं काही अडायचं नाही."

या वाक्याला दोन सेकंद लागले असतील. कपाट माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं.

शुक्रवार गेला. अंगदनं जागा सोडली. अध्यक्षांनी सत्कार ठेवला, स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर अंगदच्या चेहऱ्याला कुणाची तरी टोपी आणि गणवेश चिकटवलेला, मागं विमान, आणि वर अध्यक्षांचा फोटो अंगदपेक्षा मोठा. सुभद्राबाई लिंबागणेशच्या गणपतीला नारळ फोडून आल्या आणि प्रसाद माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी तो ओपीडीत वाटला.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या डॉक्टरांनी कान, हृदय, रक्त सगळं बघितलं, सगळं उत्तम. मग ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, ते अंगदला दिसलं. पुढं त्याला ठिपकेच दिसत राहिले. आणखी एक तपासणी असते, अंधाऱ्या खोलीत बारीक दिवे ओळखायची. तीही केली. त्यातही त्यानं लाल आणि हिरवा उलटेसुलटे सांगितले.

तिसऱ्या दिवशी सगळे माझ्या खोलीत उभे होते. अध्यक्ष, अंगद, लिंबाजी, थोरले चुलते, मागं भिंतीला टेकून सुभद्राबाई आणि शीतल. अध्यक्षांच्या हातात माझ्या दाखल्याची झेरॉक्स होती.

"मॅडम, तुमी सामान्य लिवलंय. पुण्यावाले न्हाई मन्तेत. खरं कोण?"

मी उठले, किल्ली काढली, कपाट उघडलं आणि पुस्तक बाहेर काढलं. कापडावर धूळ होती. अंगदला खिडकीपाशी बसवलं. एकेक पान धरत गेले. तो बोटानं हवेत आकडा शोधायचा आणि थांबायचा. दहाव्या पानाला मी पुस्तक मिटलं. पुढची गरज नव्हती.

"पुण्यावाले खरे," मी म्हणाले.

मग अंगदच म्हणाला, "मला वाटायचं सगळ्यायलाच आसं दिसतंय. आन् लोक अंदाजानं लाल-हिरवं मन्तेत."

अध्यक्षांनी खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. "मॅडम, पुस्तक आठ दिवस द्या. अडतीस पानं तर हाईत. पोरगं हुशार हाय, पाठ करंल. फेरतपासणी मागू."

मी नाही म्हणायच्या आधी अंगद बोलला. "अध्यक्ष, पुस्तक पाठ व्हईल. धावपट्टी कशी पाठ करू?"

अध्यक्ष उठून गेले. फ्लेक्स मात्र उतरवायला कुणी गेलं नाही. तो वाऱ्यानं फाटेपर्यंत तिथंच होता.

अंगद माझ्याकडे वळला. "मॅडम, तवा पुस्तक व्हतं का तुमच्याकडं? मी दाखल्याला आलतो तवा?"

"होतं."

"कुटं?"

मी कपाट दाखवलं. तो कपाटाकडे बघत राहिला, मग माझ्या खुर्चीकडे, मग परत कपाटाकडे. तो मला एक शब्दही वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

इथपर्यंत जे झालं ती एक चूक, आणि चूक आमच्या धंद्यात होते असं मी स्वतःला सांगू शकले असते. पण त्याच खोलीत, त्यानंतर दोन मिनिटांनी, मी आणखी एक वाक्य बोलले. त्यात चूक काहीच नव्हती.

लिंबाजींनी विचारलं, "पण हे झालं कशानं? लागलं-बिगलं न्हाई, तापबीप आला न्हाई."

मी नेहमीच्या सवयीनं, वर्गात सांगतात तसं सांगून टाकलं, "हे जन्मतःच असतं. आईकडून येतं."

खोलीतल्या सगळ्या माना मागं वळल्या. सुभद्राबाई भिंतीला टेकलेल्या होत्या त्या सरळ झाल्या. थोरल्या चुलत्यांनी मांडीवर हात मारला. "आरं, हिचा भाऊ! आठवतंय का लिंबा, त्येला पिकलेलं टमाटं कळत न्हवतं. कच्ची तोडून आणलती सगळी. हिच्या म्हायेरचं हाय हे!"

वाचकांना नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हा दोष बहुतेक वेळा मुलग्यांतच दिसतो. बाईला स्वतःला सगळे रंग व्यवस्थित दिसतात, पण तो तिच्यात झाकलेला असू शकतो आणि ती तो मुलाला देते. निम्म्या मुलांना मिळतो, निम्म्यांना नाही. तिच्या मुलींचंही तसंच. निम्म्या मुलींत तो झाकलेला जातो आणि त्यांच्या मुलांत पुन्हा वर येतो. मुलीत आहे की नाही हे ठिपक्यांच्या पुस्तकातून कळत नाही. तिला सगळी पानं वाचता येतात.

एवढं सगळं मी त्या दिवशी सांगितलं नाही. फक्त 'आईकडून येतं' हे दोन शब्द सांगितले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

महिनाभरानं सुभद्राबाई एकट्याच आल्या. ओपीडी संपत आली होती. नेत्रदानाचं पोस्टर माझ्या दारावर चिकटवलेलं असतं, त्यापुढं त्या बराच वेळ उभ्या होत्या. आत येऊन म्हणाल्या, "मॅडम, ह्ये डोळे देता येतेत मन्तेत. माजे अंगदला बसवा."

"तसं होत नाही, सुभद्राबाई. नेत्रदान मेल्यावर असतं. आणि त्यातही समोरची काच तेवढी बसवतात. रंग कळतो तो डोळ्याच्या मागच्या पडद्यात. तो बदलता येत नाही."

"जगात कुटंच?"

"कुठंच नाही."

त्यांनी मान हलवली. मग टेबलावरच्या औषधांच्या खोक्यांकडे बोट करत म्हणाल्या, "ह्ये निळं. ह्ये हिरवं. ते पिवळं, ते तांबडं, त्या तिकडचं गुलाबी. मला तर सगळे रंग दिसतेत, मॅडम. मग मी दिलं कुटून?"

मी शाळांत पोरांना हे समजावते. मुलांना फळ्यावर आई-बापाची वर्तुळं काढून दाखवते आणि पोरं माना डोलावतात. त्या दिवशी मला खडू हातात धरवला नाही. मी विचारलं, घरी कुणी बोलतं का?

"बोलतेत की. सासू मन्ती, तुज्या म्हायेरच्यायनं फसिवलं. जाऊबाई मन्ती, पायलट गिळला. अंगदचे बाप काय बोलत न्हाईत." मग म्हणाल्या, "पैलं बोलायचे."

"आणि अंगद?"

"त्यो मन्तो, आई, तुजी काय चूक न्हाई. पण त्यो बी माज्याकडं बगून मनत न्हाई."

त्या रविवारी मी त्यांच्या वस्तीवर गेले. छावणी उठली होती, माणसं घरी परतली होती, टँकर मात्र अजून येत होता. लिंबाजी, त्यांचे थोरले भाऊ आणि शेजारचे दोघं लिंबाखाली बसले होते. अंगद पुण्याकडे काम शोधायला गेलेला. त्यानं पशुवैद्यकीयसाठी पुन्हा प्रयत्न करायचं ठरवलं होतं, पण पुढच्या वर्षी थोडक्यासाठी नंबर गेला. आता तो तिकडंच एका कारखान्यात आहे, पॅकिंग विभागात. एवढं शिकलेलं त्या घरातलं ते पहिलं पोरगं होतं. जनावराच्या कानाला हात लावून ताप सांगायचं. फार चांगला डॉक्टर झाला असता, हे मी उगाच म्हणत नाही.

मी बसले आणि सरळ मुद्द्यावर आले. "लिंबाजी, चूक माझी आहे. पुस्तक माझ्या कपाटात होतं आणि मी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर अंगदनं जागा सोडली नसती. सुभद्राबाईंची यात काही चूक नाही. कुठल्याच आईची नसते. हे सांगायला आलेय."

लिंबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुमी एवढ्या लांब आलात, चुकलं मनलात. आसं कोण मन्तंय? आमच्या मनात तुमच्याबद्दल काय न्हाई, मॅडम." मग हळूच म्हणाले, "पण पुस्तक दाखवलं आस्तं तरी त्यो पायलट झालाच नस्ता न्हवं?"

"नाही. पण ढोरांचा डॉक्टर झाला असता."

"ते झालं. पण डोळे? डोळे हिच्याकडूनच ना?"

खरं तेच होतं आणि मीच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "अहो, निम्मं तुमच्याकडूनही येतं, बुद्धी आली, तब्येत आली." माझ्या कानालाच ते पोकळ लागलं.

थोरले भाऊ विडी विझवत हसले. "मॅडम, आमाला काय शिकिवता? आमी पिढ्यानपिढ्या मेंढरं राखतोय. कोणत्या मेंढीचं कोकरू कसं निगतं, सगळं ठावं आस्तं आमाला. खोडीची मेंढी कळपात ठिवीत न्हाईत. पाटोद्याच्या बाजारात न्हेऊन सोडायची."

शेजारचे दोघं हसले. लिंबाजी हसले नाहीत, पण भावाला काही बोललेही नाहीत. सुभद्राबाई चहाची थाळी घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्यांनी एकेक कप खाली ठेवला, आधी मला, मग थोरल्या दिरांना, मग नवऱ्याला, आणि रिकामी थाळी घेऊन आत गेल्या.

मी चहा प्यायले.

निघाले तेव्हा त्या जीपच्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. शीतल पुढं चालत होती, माझी पिशवी घेऊन. फुफाट्यातून चालताना सुभद्राबाई एकदम थांबल्या. शीतल पुढं गेल्याची खात्री करून घेतली.

"मॅडम, एक इचारते. शीतलीत बी आसंल का ते?"

मी पुढं चाललेल्या पोरीकडे बघितलं. दोन वेण्या, शाळेचाच फ्रॉक. असेल किंवा नसेल, निम्म्याला निम्मं. आमच्याकडे कळायचा काही मार्ग नाही. तिला मुलगा होईल तेव्हाच समजणार, आणि तेही त्याच्यात उतरलं तर. हे सगळं मी सांगू शकले असते, एकेक शब्द बरोबर.

"नाही," मी म्हणाले.

"तिला पुस्तक दाखवू का एकदा आणून?"

"गरज नाही. तिच्यात काही नाही. कुणी विचारलं तर डोळेवाल्या मॅडमनी सांगितलंय म्हणा. सोयरीक बघतानाही तसंच सांगा."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. हाक मारून शीतलला परत बोलावलं आणि तिच्याकडून पिशवी घेऊन स्वतः माझ्या हातात दिली. जीप आली.

त्यानंतर मी दाखल्यांना पेन दाखवणं बंद केलं. पुस्तक आता टेबलावरच असतं, रंग उडतील तेव्हा उडोत, नवं मागवेन. त्यात शेवटी काही पानं आकडे न येणाऱ्या लेकरांसाठी असतात. ठिपक्यांतून एक वाकडी वाट गेलेली असते, ती बोटानं गिरवायची. चार-साडेचार वर्षांच्या पोरालाही जमतं. जितकं लवकर कळेल तितकं बरं, म्हणजे पोर मोठं होताना त्याला नको ती वाट कुणी दाखवत नाही. हे मी आता प्रत्येक अंगणवाडीत सांगते.

शीतलचं लग्न झालं, लिंबागणेशच्या अलीकडच्या एका गावात दिली. पहिला मुलगा आहे, यंदा अंगणवाडीत घातला. सुभद्राबाई मागच्या आठवडी बाजारात भेटल्या, मोबाईलवर नातवाचे फोटो एकामागून एक दाखवत होत्या. एका फोटोत त्यानं हातात प्लॅस्टिकचं विमान उंच धरलेलं. "मामानं धाडलंय पुण्याहून," त्या म्हणाल्या. "दिसभर हातातून सोडीत न्हाई."

त्याला एकदा माझ्याकडे घेऊन या, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण विचारलं एवढंच, वस्तीवरचा यंदाचा टँकर बंद झाला का.